शंभर वाक्ये पाठ, तरी पाहुण्यांसमोर गप्प: आधी व्याकरण की आधी बोलणे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही पूर्वी साताऱ्यातून वडापची खासगी जीप चालवत होता आणि आता स्वतःची सात आसनी गाडी घेऊन पर्यटकांची भाडी करता. शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, काळांचे तक्ते अजून आठवतात, प्रवासात उपयोगी पडणारी शंभर इंग्रजी वाक्ये तुम्ही घोकून पाठ केली आहेत. आणि तरीही बंगळूरहून आलेल्या पाहुण्याने घाटात काही वेगळेच विचारले, की ‘यस सर’ यापलीकडे तोंडातून शब्द फुटत नाही. आधी व्याकरण पक्के करावे की बोलण्याचा सराव वाढवावा, असे तुम्ही विचारले आहे, आणि जाता जाता सातवीतल्या मुलीची मदत घ्यावी का, असेही विचारले आहे.

मी साताऱ्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी मोठ्या माणसांचा एक लहानसा वर्ग घेते. त्यात रिक्षाचालक येतात, हॉटेलांत काम करणारी मुले येतात, कासच्या रस्त्याला घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बायका येतात. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेकांना पुरेसे शब्द येत असतात आणि शाळेतले व्याकरणही बरेचसे लक्षात असते. त्यांचे अडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे त्यांनी पाठ केलेली वाक्ये दुसऱ्याच्या कामाची असतात. दुसरे म्हणजे त्यांच्या मनात शब्द मराठीच्या क्रमाने येतात आणि इंग्रजीचे वाक्य त्या क्रमाने उभे राहत नाही. दुसरी अडचण मोठी आहे, पण पहिली लवकर सुटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

प्रवासासाठी म्हणून छापलेली वाक्ये प्रवाशासाठी असतात. ‘व्हेअर इज द रेल्वे स्टेशन?’ हे वाक्य साताऱ्यात नव्याने उतरलेल्या माणसाला हवे असते. स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. सुरुवातीच्या काळात मीही अशाच वाक्यांचे कागद वर्गात वाटत असे. एके दिवशी एका रिक्षाचालकाने कागद परत करत मला विचारले, “बाई, स्टेशन कुठे आहे हे मी कुणाला विचारू? मी रोज तिथेच उभा असतो.” त्या दिवसापासून मी तो कागद बंद केला. तुमच्याकडच्या शंभर वाक्यांतील प्रश्न हे तुम्हाला विचारले जाणारे प्रश्न आहेत, तेव्हा ती वाक्ये टाकून देऊ नका. प्रत्येकासमोर तुमचे स्वतःचे खरे उत्तर लिहा. ‘हाऊ फार इज कास?’ याच्यासमोर ‘कास इज अबाउट ट्वेंटी-फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम सातारा’ असे लिहिले, की ते वाक्य तुमचे झाले, कारण त्यातला आकडा तुमच्या गाडीच्या काट्यावरचा आहे. प्रश्न ऐकून कळणे आणि उत्तर स्वतः रचणे ही दोन निराळी कामे आहेत आणि तुम्हाला दुसऱ्याचा सराव जास्त लागणार आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करते. मी सांगते ती पद्धत सर्वांना सारखीच लागू पडेल असे नाही. स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी हवे असेल तर तक्ते, नियम आणि लेखन यांना पर्याय नाही. तुमचे पाहुणे मुख्यतः कर्नाटकातून, गुजरातेतून येणारे असतील, तर त्यांचेही इंग्रजी शिकलेलेच असते आणि तुमची सावकाश बोललेली सरळ वाक्ये त्यांना सोयीचीच वाटतात. परदेशी पाहुणे अधिक असतील तर उच्चारांवर वेगळे काम करावे लागेल. रोज वीस मिनिटे मिळतात की आठवड्यातून एकदाच तासभर मिळतो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. माझ्या अनुभवात रोजची वीस मिनिटे नेहमीच जास्त लाभली आहेत. किती महिन्यांत येईल, हे मात्र मी कुणालाच सांगत नाही.

आता मुख्य अडचण. मराठीत नामाच्या अंगावर बहुधा त्याची ओळख लावलेली असते. ‘ने’, ‘ला’, ‘ना’, ‘हून’, ‘त’ हे प्रत्यय म्हणजे गळ्यातले ओळखपत्र. त्यामुळे ‘मी पाहुण्यांना स्टेशनवर सोडले’, ‘पाहुण्यांना मी स्टेशनवर सोडले’ आणि ‘स्टेशनवर सोडले मी पाहुण्यांना’ या तिन्ही वाक्यांत कोणी कोणाला सोडले याबद्दल शंका राहत नाही. इंग्रजीत नामाला असे ओळखपत्र नसते. तिथे आरक्षणाच्या गाडीसारखा कारभार असतो. कोण कुठल्या आसनावर बसला आहे, यावरूनच तो कोण हे ठरते. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा आणि क्रियापदाच्या नंतर बसला तो ज्याच्यावर क्रिया घडली तो. माझ्या वर्गातील एका चालकाने हॉटेलच्या व्यवस्थापकाला फोनवर सांगितले, ‘गेस्ट्स ड्रॉप्ड मी ॲट द स्टेशन’. मनात मराठी वाक्य ‘पाहुण्यांना’पासून सुरू झाले होते, म्हणून इंग्रजी वाक्यही ‘गेस्ट्स’पासून सुरू झाले. पलीकडचे गृहस्थ काळजीने विचारू लागले, की पाहुणे तुमची गाडी घेऊन गेले की काय. शब्द सगळे बरोबर होते, काळही बरोबर होता, फक्त दोन माणसांनी जागा बदलल्या होत्या. ‘आय ड्रॉप्ड द गेस्ट्स ॲट द स्टेशन’ एवढेच हवे होते.

म्हणून माझ्या वर्गात पहिला आठवडा एकाच साच्यावर जातो. कोण, मग क्रिया, मग काय किंवा कोणाला, मग कुठे, मग कशाने, आणि सर्वांत शेवटी केव्हा. हा साचा लक्षात ठेवण्याची एक युक्ती मी तुमच्यासारख्या चालकांसाठीच वापरते. साताऱ्याहून निघालात की आधी यवतेश्वर लागते, मग कास, मग बामणोली. परत येताना हीच ठिकाणे उलट क्रमाने लागतात. मराठी वाक्य हा जातानाचा प्रवास समजा आणि इंग्रजी वाक्य हा परतीचा. ‘मी उद्या सकाळी सहा वाजता गाडीने कासला जाणार आहे’ हे वाक्य घ्या. ‘मी’ जागेवर ठेवा आणि उरलेले वाक्य शेवटाकडून वाचत या: जाणार आहे, कासला, गाडीने, सहा वाजता, उद्या सकाळी. ‘आय विल गो टू कास बाय कार ॲट सिक्स टुमारो मॉर्निंग.’ एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. एवढेच नव्हे, तर ‘कासला’ या शब्दाच्या पोटातही हीच उलटापालट झाली आहे: मराठीत ‘ला’ कासच्या मागे लागतो आणि इंग्रजीत ‘टू’ कासच्या पुढे उभा राहतो. ‘गाडीने’चे ‘बाय कार’ आणि ‘वाजता’चे ‘ॲट’ यांचेही तसेच. फक्त ‘उद्या सकाळी’ या जोडीची उलटापालट होत नाही, ती आहे तशीच ‘टुमारो मॉर्निंग’ राहते.

ही युक्ती कुबडीसारखी वापरावी. ती साध्या वाक्यांना चालते. ‘काल जो रस्ता बंद होता तो आज सुरू झाला आहे’ असे ‘जो-तो’चे वाक्य उलटे वाचू गेलात तर घोटाळा होईल. तिथे वाक्य मोडून दोन करावे: ‘द रोड वॉज क्लोज्ड यस्टरडे. इट इज ओपन टुडे.’ लांब वाक्य म्हणजे चांगले इंग्रजी, हा समज शाळेत कुठेतरी पक्का होतो आणि तो नडतो. चालत्या गाडीत पाच-सहा शब्दांची वाक्ये पुरतात.

‘इट इज ओपन टुडे’ मधला ‘इट’ पाहा, कारण तिथेही मराठी माणूस अडखळतो. मराठीत कर्ता गाळता येतो. ‘पोचलो’, ‘निघतोय’, ‘थांबलोय’ या एकेका शब्दात कोण हे कळते. ‘तासभर लागतो’, ‘अंधार पडला’, ‘गार वाटतंय’ अशा वाक्यांत तर इंग्रजी ज्याला कर्ता मानेल असे काही आपल्या मनात नसतेच. इंग्रजीत मात्र पहिले आसन रिकामे ठेवून गाडी हलत नाही. बसायला कोणी नसेल तर ‘इट’ला बसवतात, आणि त्या ‘इट’चा अर्थ शोधत बसू नये. ‘इट टेक्स वन अवर.’ ‘इट इज रेनिंग ॲट ठोसेघर.’ ‘इट गेट्स डार्क ॲट सेव्हन.’ ‘इट इज कोल्ड ऑन सज्जनगड.’ प्रवासातील गप्पांमध्ये अंतर, वेळ आणि हवामान हे तीन विषय सतत येतात आणि तिन्हींना ‘इट’ लागतो, म्हणून या एका शब्दावर दोन दिवस खुशाल घालवा. व्हॉट्सॲपवर नुसते ‘रीच्ड’ लिहिलेले चालून जाते. बोलताना ‘वी हॅव रीच्ड द हॉटेल’ असे पूर्ण म्हणा. इथे ‘रीच्ड टू’ म्हणू नका. ‘हॉटेलला पोचलो’ मधला ‘ला’ मनात असल्यामुळे तो ‘टू’ येतो, पण ‘रीच’ला त्याची गरज नसते.

यानंतर येतो ‘आहे’. माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त गोंधळ हा एक शब्द करतो, कारण मराठीत तो चार-पाच निरनिराळी कामे करतो आणि शाळेत आपण त्याचा एकच अर्थ शिकलेलो असतो: ‘आहे’ म्हणजे ‘इज’. एकाच भाड्यातली वाक्ये घ्या. ‘मी तुमचा ड्रायव्हर आहे’ म्हणजे ‘आय ॲम युअर ड्रायव्हर’. इथे ‘आहे’ ओळख सांगतो. ‘गाडी स्टँडसमोर आहे’ म्हणजे ‘द कार इज ऑपोझिट द बस स्टँड’. इथे तो जागा सांगतो. या दोन ठिकाणी ‘ॲम’ आणि ‘इज’ बरोबर बसतात, म्हणून आपला विश्वास वाढतो आणि पुढे फसगत होते. ‘पुढे टोलनाका आहे’ यात एखादी गोष्ट असल्याचे आपण नव्याने सांगत असतो, तेव्हा वाक्य ‘देअर इज’ने सुरू होते: ‘देअर इज अ टोल प्लाझा अहेड.’ ‘माझ्याकडे जादा चाक आहे’ यात मालकी आहे. इंग्रजीत ‘माझ्याकडे’ नसते, तिथे ‘मी’ येतो आणि क्रियापद ‘हॅव’ होते: ‘आय हॅव अ स्पेअर व्हील.’ (आपण याला स्टेपनी म्हणतो. तो शब्द मूळचा वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, पण आजच्या परदेशी पाहुण्याला तो कळेलच असे नाही.) आणि ‘मला रस्ता माहीत आहे’ यात तर ‘आहे’ला इंग्रजीत काही कामच उरत नाही: ‘आय नो द रोड.’ वर्गात हमखास ऐकू येणारे ‘आय ॲम नो द रोड’ किंवा ‘आय ॲम नोइंग’ हे या बेकार ‘आहे’ला काम देण्याच्या धडपडीतून आलेले असते.

त्यावर उपाय असा, की भाषांतर करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा ‘आहे’ इथे काय सांगतो? ओळख किंवा जागा असेल तर ‘ॲम, इज, आर’. पुढे काही असल्याची बातमी असेल तर ‘देअर इज’. जवळ असणे असेल तर ‘हॅव’. क्रिया चालू असेल, म्हणजे ‘मी येत आहे’ असे असेल, तर ‘आय ॲम कमिंग’. माझ्या वर्गात यासाठी आम्ही गाडीचीच तपासणी करतो. पंधरा मिनिटे गाडीभोवती फिरायचे आणि जे दिसेल ते सांगायचे. ‘देअर आर सेव्हन सीट्स.’ ‘द बॅग्ज आर ऑन द टॉप.’ ‘आय हॅव टू वॉटर बॉटल्स.’ ‘द एसी इज ऑन.’ एरवी कोरड्या वाटणाऱ्या या साच्यांचा लोकांना इथे कंटाळा येत नाही, कारण गाडी त्यांची असते आणि एखादे वाक्य खोटे असेल तर ते लगेच पकडले जाते.

‘मला’ने सुरू होणारी वाक्ये याच घराण्यातील आहेत. ‘मला चहा हवा’, ‘मला मळमळतंय’, ‘मला भूक लागली’, ‘मला वाटतं’ या सर्वांत मराठीत अनुभव माणसाकडे चालत येतो. इंग्रजीत माणूसच पुढे होऊन म्हणतो, ‘आय वॉन्ट टी’, ‘आय फील सिक’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय थिंक’. ‘मला’ दिसला की ‘आय’, ‘त्यांना’ दिसला की ‘दे’, एवढे धरून चाललात तरी सुरुवातीला पुष्कळ भागते. महाबळेश्वरला जाताना केळघर घाटातून जा किंवा पसरणी घाटातून, मागच्या आसनावरच्या लहान मुलांना मळमळते, तेव्हा ‘डझ शी फील सिक? शॅल आय स्टॉप?’ ही दोन वाक्ये तुमच्या गाडीच्या बैठकीचेही रक्षण करतील.

इथवरचे थोडक्यात पुन्हा सांगते, कारण पुढचा भाग यावरच उभा आहे: पहिले आसन कधी रिकामे नाही, त्याला चिकटून क्रियापद, क्रियापदाला चिकटून कर्म, वेळ शेवटी, आणि ‘आहे’चे भाषांतर करण्याआधी त्याचे काम ओळखायचे.

प्रश्न विचारण्याचा भाग तुम्हाला उत्तरांपेक्षा कमी लागेल, पण लागेल. मराठीत प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की झाले. ‘तुम्हाला चहा हवा’ आणि ‘तुम्हाला चहा हवा का?’ यात बाकी काही हलत नाही. इंग्रजीत हा ‘का’ शेवटच्या आसनावरून उठून दाराशी येऊन बसतो आणि त्याचे नाव ‘डू’ किंवा ‘डझ’ होते: ‘डू यू वॉन्ट टी?’ वाक्यात आधीच ‘इज’, ‘आर’, ‘विल’, ‘कॅन’ यांपैकी कोणी असेल तर ‘डू’ला बोलावण्याची गरज नसते, तोच उठून पुढे येतो: ‘इज द रोड ओपन?’, ‘कॅन वी पार्क हिअर?’. ‘कधी’, ‘कुठे’, ‘किती’ हे शब्द मराठीत आपल्या जागीच बसून राहतात, ‘तुमची बस किती वाजता सुटते?’, इंग्रजीत ते त्या ‘डझ’च्याही पुढे जाऊन बसतात, ‘व्हॉट टाइम डझ युअर बस लीव्ह?’.

आता या वाक्यात ‘लीव्ह’ आहे, ‘लीव्ह्ज’ नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्याबद्दल शाळेत नियम सांगतात आणि तो लक्षात राहत नाही. मी असे सांगते, की ‘बस’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यासोबत येणारा ‘स’ हा एकटा प्रवासी आहे आणि त्याचे तिकीट एकच आहे. ‘द बस लीव्ह्ज ॲट नाइन’ यात तो क्रियापदात बसला आहे. ‘डझ’ आला की तो ‘डझ’मध्ये जाऊन बसतो आणि क्रियापदातली जागा मोकळी होते. नकारातही तेच: ‘धिस बस डझन्ट स्टॉप हिअर.’ नकाराचा शब्द क्रियापदाच्या आधी येतो, हे मात्र मुद्दाम घोटावे लागते, कारण आपला ‘नाही’ बहुधा सगळ्यात शेवटी येतो आणि घाईत ‘आय गो नो’ असे काहीतरी तोंडून जाते.

एक सावधगिरी. रस्ता सांगताना, थांबायला सांगताना वाक्य थेट क्रियापदाने सुरू होते आणि ते सगळ्यात सोपे असते: ‘गो स्ट्रेट’, ‘टर्न लेफ्ट ॲट पोवई नाका’. म्हणून पुष्कळ जण इथून सुरुवात करतात. मी करत नाही. मराठीत ‘बसा’, ‘या’, ‘थांबा’ यांतला आदर क्रियापदाच्या शेवटातच असतो. इंग्रजी ‘सिट’ आणि ‘वेट’ यांत तो नसतो, आणि वयस्कर पाहुण्याला नुसते ‘वेट’ म्हटले की ते हुकमासारखे लागते. आपण मनात ‘थांबा हं’ म्हणत असतो, ऐकणाऱ्याला मात्र ‘थांब’ ऐकू जाते. तेव्हा असे प्रत्येक वाक्य ‘प्लीज’ने सुरू करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा: ‘प्लीज वेट हिअर फॉर फाइव्ह मिनिट्स.’ विनंती असेल तर ‘कुड यू’ वापरा: ‘कुड यू क्लोज द डोअर?’ आणि ‘लवकर या’साठी ‘कम फास्ट’ म्हणू नका. ‘प्लीज कम बॅक बाय फोर’ असे वेळ घालून सांगितले की आदरही राहतो आणि पाहुणे वेळेवर येण्याची शक्यताही वाढते.

आता रोजचा सराव. माझ्या वर्गात त्याला ‘एक भाडे तीनदा’ म्हणतात. तुमचे उद्याचे भाडे कासचे आहे असे धरा. तिथे फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, त्यामुळे त्या काळात हाच प्रवास तुम्हाला पुन्हा पुन्हा करायचा असतो, आणि सरावाला पुनरावृत्तीइतके उपयोगी काही नाही. आदल्या रात्री तो प्रवास होणार आहे तसा सांगा: ‘वी विल लीव्ह ॲट सिक्स. वी विल स्टॉप फॉर टी. वी विल रीच कास बाय सेव्हन.’ प्रवासात, मनातल्या मनात किंवा पाहुण्यांना ऐकायचे असेल तर मोठ्याने, चालू आहे तसा सांगा: ‘वी आर क्लाइंबिंग द यवतेश्वर घाट.’ घरी आल्यावर घडला तसा सांगा: ‘वी लेफ्ट ॲट सिक्स ट्वेंटी. द गेस्ट्स वेअर लेट. वी डिडन्ट स्टॉप फॉर टी.’ तिन्ही वेळा साचा तोच राहतो, माणसे आणि ठिकाणे तीच राहतात, फक्त क्रियापद रूप बदलते. तुम्ही जे तक्ते पाठ केले आहेत ते इथे कामी येतात, कारण ‘लीव्ह’चे ‘लेफ्ट’ होते हे तुम्हाला माहीत आहेच. ते कुठल्या वेळी तोंडात यायला हवे, एवढेच शिकायचे राहिले होते. त्यामुळे आधी व्याकरण की आधी सराव, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की व्याकरणाची नवी वही घालू नका. उद्याच्या भाड्यात जेवढे व्याकरण लागेल तेवढेच त्या दिवशी उघडून पाहा.

आठ-पंधरा दिवसांनी एका वाक्यातल्या जागा न बदलता माणूस बदला, ठिकाण बदला, वेळ बदला. ‘वी कॅन गो व्हाया मेढा’ याचे ‘वी कॅन गो व्हाया वाई’ होते, त्याचेच ‘दे वेंट व्हाया वाई यस्टरडे’ होते. पाठ केलेले वाक्य आणि रचलेले वाक्य यांतला फरक इथे कळतो. पाठ केलेल्यातला एक शब्द बदलला की ते कोसळते. रचलेल्यातले सगळे बदलले तरी सांगाडा उभा राहतो. घाटात तुमचे जे होते ते यामुळेच होते.

‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ यांचे फार मनावर घेऊ नका. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला ‘ऑन’, महिन्याला ‘इन’. ‘साताऱ्याला राहतो’ याला ‘इन’, ‘साताऱ्याला जातो’ याला ‘टू’. ‘घरी जातो’ मात्र नुसते ‘गो होम’. ‘अ’ आणि ‘द’ तर मी पहिले दोन महिने तपासतच नाही. मराठीत तसे काही नसल्यामुळे ते सावकाशच येतात आणि ते चुकल्याने आजवर माझ्या माहितीतला एकही पाहुणा चुकीच्या घाटात गेलेला नाही.

लिहिण्याविषयी एक मत सांगते, ते सर्व शिक्षकांना पटेलच असे नाही. पहिले काही दिवस इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली तरी चालतील, मीही इथे तशीच लिहिली आहेत. पण महिनाभरात रोमन लिपीकडे वळा, कारण गाडीची आगाऊ नोंदणी करणारे पाहुणे संदेश त्याच लिपीत पाठवतात आणि उत्तर उशिरा गेले तर भाडे दुसऱ्याकडे जाते.

आणि मुलीबद्दल. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ते पाचवीत भेटत असे. त्यामुळे शब्दांच्या बाबतीत तुमची मुलगी तुमच्या पुढेही असेल. तिची मदत जरूर घ्या, पण तिला शिक्षक करू नका, पाहुणी करा. ती मागच्या आसनावर बसून प्रश्न विचारील, तुम्ही उत्तर द्या. तुमचे वाक्य पूर्ण होईपर्यंत तिने टोकायचे नाही, एवढा एकच नियम तिला घाला. मध्येच दुरुस्त केले की मोठा माणूस गप्प होतो, हे मी वर्गात फार वेळा पाहिले आहे. खेळ संपल्यावर तिने एकच चूक सांगायची, तीही जागेची, स्पेलिंगची नव्हे. नंतर जागा बदला. तिला चालक होऊ द्या आणि तुम्ही बंगळूरचे पाहुणे व्हा, कारण तुम्हाला घाटात अडवणारे प्रश्न कोणते असतात हे तिच्यापेक्षा तुम्हालाच चांगले माहीत आहे. ज्या प्रश्नावर तीही अडेल तो वहीत लिहून ठेवा आणि त्याच्यासमोर दोघांनी मिळून उत्तर रचा. अशा पाच-सहा प्रश्नांवर तुम्ही दोघेही अडलात तर ते इथे लिहा. त्यांची उत्तरे कशी रचायची ते मी सांगेन.